आधी नाव, मग सुई

किडनी ट्रेमध्ये सहा चिठ्ठ्या होत्या. सायरने कडेची उचलली आणि उघडली. खाट सात, पुरुष वॉर्ड. बाकीच्या पाच मुलींनी आपापल्या चिठ्ठ्या कपाळाला लावून मग उघडल्या. सायरने लावली नाही, कारण सातव्या खाटेवर काल दुपारपर्यंत रेल्वेतला एक म्हातारा खलाशी होता. हर्नियाचं ऑपरेशन झालेला आणि बोलका. नर्सिंगच्या प्रॅक्टिकलला तसा पेशंट मिळाला म्हणजे निम्मी परीक्षा झाली असं मुली म्हणत. एप्रिल अठ्ठावन्न, शनिवार, सकाळचे साडेसात. परीक्षेआधी केसपेपर वाचायला दहा मिनिटं मिळत. ती वॉर्डात गेली. सातव्या खाटेच्या पायथ्याची पाटी तिने हातात घेतली आणि नजर पहिल्या ओळीवर न थांबता दुसऱ्या ओळीवर गेली. वय बासष्ट. राहणार सदर बाजार, जालना. धंदा कापूस व्यापार. डाव्या पायाला जखम, तीन आठवडे. लघवीत साखर. आपण पहिली ओळ वाचलेली नाही, हे तिला चौथ्या ओळीला कळलं. वाचायची गरजही नव्हती. खाटेशेजारच्या स्टुलावर पितळी लोटा होता, घरून आणलेल्या पाण्याचा, आणि त्याच्या गळ्याला बांधलेला निळा दोरा तिने स्वतः तीन वर्षं रोज राख लावून घासताना सोडला आणि पुन्हा बांधला होता. खाटेवरचा माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. मानेवरची ती चामखीळ तिने त्या घरात राहून एकदाच पाहिली होती, दाराच्या फटीतून. सासऱ्याला समोरून पाहायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

विमलताई वॉर्डाच्या दाराशी उभ्या होत्या. त्या शिकवायच्या, आणि साडेतीन वर्षांत सायरवर जितकं रागावल्या तितकं दुसऱ्या कोणावर रागावल्या नव्हत्या. सायरचा चेहरा पाहून त्या जवळ आल्या. "मला आत्ता कळलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "काल संध्याकाळी भरती झालेत. खलाशाला तीन नंबरवर हलवला. चिठ्ठी बदलून देते. जवळचा नातेवाईक असेल तर बदलता येते, परीक्षक बाईंना मी सांगते." सायर म्हणाली, "नको." विमलताईंनी तिच्या हातांकडे पाहिलं. "राग आला असला की हात थरथरतो, पोरी." "माझा नाही थरथरत," सायर म्हणाली. आणि ते खरं होतं. हात थंड होते, कोरडे होते. राग हातात नव्हताच. तो सात वर्षं मुरलेला होता. आज नापास झाली तर पुढे काय, ते तिला पाठ होतं. एकदा तिला परीक्षेला बसू दिलं नव्हतं, ही दुसरी वेळ. तिसऱ्या वेळेसाठी होस्टेलची खाट ठेवता येणार नाही, असं लेखी मिळालं होतं. आणि तीर्थपुरीहून वडिलांचं, बजरंगलालजींचं, कार्ड आलं होतं. कापडाच्या दुकानाच्या छापील कार्डावर तीन ओळी. आता बस झालं, या खेपेला झालं नाही तर सामान घेऊन ये, तुझी भाभी बाळंत व्हायची आहे, हाताखाली कोणी तरी लागतं. रजिस्टर झालेली नर्स, नाहीतर भाभीच्या हाताखालची नणंद. तीर्थपुरीत तिसरं काही नव्हतं.

ज्या चुकीमुळे तिला परीक्षेला बसू दिलं नव्हतं, ती चूक या वॉर्डातली होती. याच रांगेतली. दीड वर्षापूर्वीची, हैदराबाद राज्य जाऊन आपण मुंबई राज्यात आलो त्याच्या पुढच्याच महिन्यातली. चौथ्या खाटेवर अंबड रोडचा एक टांगेवाला होता, साखरेचा आजार असलेला, रोज सकाळी इन्शुलिन. वॉर्डाचा नियम एवढाच, आणि तो पहिल्या दिवशी पहिल्या तासाला विमलताईंनी फळ्यावर लिहिला होता: आधी नाव, मग सुई. पाटीवरचं नाव वाचायचं, मोठ्यानं हाक मारायची, पेशंटनं स्वतःच्या तोंडानं नाव सांगायचं, मगच दंड पुसायचा. सायर सगळ्या वॉर्डाला नावानं हाका मारायची. टांगेवाल्याला मात्र आठ दिवस ती 'चार नंबर' म्हणत आली. त्याचं नाव शिवनारायण होतं. सासऱ्याचं नाव घेत नाहीत. हे तिला कोणी शिकवल्याचं आठवत नव्हतं, पाणी प्यायला कोणी शिकवतं का, तसंच ते होतं. पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती सदर बाजारात आली, तेव्हापासून ते नाव तोंडात आलं की जीभ आपोआप बाजूला व्हायची, गरम दुधाच्या भांड्यापासून हात होतो तशी. नवव्या दिवशी वॉर्डाला चुना मारायला माणसं आली आणि खाटा हलल्या. ती सिरिंज घेऊन आली आणि म्हणाली, "चार नंबर, दंड पुढे करा." चारवर त्या दिवशी कुंभार पिंपळगावचा मच्छिंद्र नावाचा माणूस होता, हिवतापाचा, गरीब, डॉक्टर-नर्सनी सांगितलं की मान हलवणारा. त्याने दंड पुढे केला.

पाऊण तासाने त्याला दरदरून घाम फुटला आणि तो आपल्या बैलांशी बोलायला लागला. विमलताईंनी त्याला ग्लुकोज दिलं, मग साखरेचं पाणी पाजलं, आणि दुपारपर्यंत तो उठून बसला. मेला नाही. उलट जाताना सायरला म्हणाला, "बाई, तुमच्या सुईनं मला माझे बैल दिसले, दोन वर्षं झाली मरून त्यांना." त्या वाक्यामुळे ती त्या रात्री जेवली नाही. चौकशीत तिला एकच प्रश्न विचारला, नाव का विचारलं नाही. कारण सांगायचं तर नाव घ्यावं लागलं असतं. शेवटी कोपऱ्यात फडकं घेऊन उभी असलेली आया चतुराबाई म्हणाली, "साहेब, ती काय बोलंल. तिच्या सासऱ्याचं नाव हाये ते." सगळे सायरकडे पाहू लागले. विमलताईंनी विचारलं, "मग?" एवढंच. त्या रात्री होस्टेलच्या खाटेवर पडून सायरला प्रथमच समजलं की त्या 'मग'चं उत्तर तिच्या सासऱ्याकडेही नसेल.

परीक्षक अरुंधतीबाई पुण्याच्या होत्या. ठेंगण्या, चष्मा लावलेल्या, हातात पुठ्ठ्याला चिमट्यात लावलेले कागद. त्यांनी पहिल्या दोन मुलींची परीक्षा घेतली आणि आठ वाजून पाच मिनिटांनी त्या सातव्या खाटेशी आल्या. सायरने ट्रे मांडून ठेवला होता. उकळलेली सिरिंज, स्पिरिट, कापूस, ड्रेसिंगचं सामान, स्पिरिटचा दिवा. परीक्षानळीत तिने निळं औषध घेतलं, लघवीचे आठ थेंब टाकले आणि ज्योतीवर धरलं. निळा रंग हिरवा झाला, मग पिवळा, मग विटकरी. त्या विटकरी रंगाकडे पाहताना तिला आनंदासारखं काहीतरी झालं, आणि ते झाल्याचं तिने नीट पाहून घेतलं. हे त्याचं होतं. ज्या माणसासमोर तिने कधी तोंड उघडं केलं नव्हतं, त्याची लघवी तिने नळीत धरली होती आणि ती सगळ्यांसमोर रंग सांगणार होती. "विटकरी," ती म्हणाली. "साखर पुष्कळ." अरुंधतीबाईंनी लिहिलं. "इन्शुलिन किती?" "वीस युनिट, खाण्याआधी अर्धा तास." "द्या मग. पेशंटचं नाव?"

सायरने पाटी उचलली. या वेळी तिने पहिल्या ओळीपासून वाचलं. अक्षरं साधी होती, भरतीच्या कारकुनाच्या घाईच्या हातातली. दाराशी भगवतीदेवी उभी होती, तिची सासू, हातात खिचडीचा डबा, डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. ती केव्हापासून तिथे होती कोण जाणे. सायर म्हणाली, "शिवनारायण." आवाज मोठा निघाला, चुन्याच्या भिंतींवर आदळण्याइतका. तीन नंबरवरचा खलाशी मान वळवून पाहू लागला. भगवतीदेवीच्या हातातल्या डब्याची कडी वाजली. काही झालं नाही. छप्पर होतं तिथेच होतं. इतकी वर्षं ज्याला ती गरम भांडं समजत होती, ते आत गार होतं, रिकामं होतं, आणि त्यामुळे तिचा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. एवढंच होतं तर. एवढ्याशा गोष्टीसाठी मच्छिंद्र बैलांशी बोलला.

आणि एवढ्याशा गोष्टीसाठी रामनिवास. तिचा नवरा. एकावन्न साली वैशाखात त्याला मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, आला, तेव्हा तो एकवीसचा होता आणि ती अठराची. सतरा दिवस झाले होते. माडीवरच्या खोलीत त्याचं सगळं ती करत होती, कारण आजाऱ्याची घाण उचलायला दुसरं कोणी वर येत नव्हतं. अठराव्या दिवशी सकाळी तिने भांडं काढलं आणि आतलं काळं होतं. डांबरासारखं, चकचकीत, आणि त्याला एक वेगळाच वास होता. अर्ध्या तासाने डॉक्टर आले. बायका आतल्या खोलीत गेल्या. ती दाराआड उभी होती, भांडं हातातच होतं. डॉक्टरांनी विचारलं, "शौचाला कसं होतंय?" सासरे म्हणाले, "बराबर हाय, डॉक्टरसाब, बिलकुल बराबर." त्यांनी भांडं पाहिलेलं नव्हतं. ते आजाऱ्याच्या पलंगाजवळसुद्धा जात नव्हते. सायरने सासूच्या कानात सांगितलं, "काळं आहे. सांगा त्यांना, काळं आहे." सासू म्हणाली, "बिनणी," त्यांच्या बोलीत सुनेला म्हणतात तसं, "वेडी का काय तू. मर्दांसमोर ते कसं बोलायचं. डॉक्टर गेला की मी यांना सांगते." डॉक्टर दारात जोडे घालत होते. मध्ये एक दार होतं, सागवानी, आठ हातांवर. ती ओरडू शकली असती. ती आठ हात चालू शकली असती. जेवणं झाल्यावर सासूने सांगितलं. सासरे म्हणाले, सकाळी बघू. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला रामनिवास गेला, आणि तेराव्याला तिच्या अंगावर विधवेची कत्थई ओढणी आली, आणि पंधराव्याला भगवतीदेवीने चुलत जावेला, सायरला ऐकू जाईल अशा बेताने, सांगितलं की या मुलीचा पायगुणच काळा. काळा. नेमका तोच शब्द.

तीन वर्षं माहेरी, तीर्थपुरीला, त्याला ती दुःख म्हणत राहिली. मग देवीच्या लशीच्या कॅम्पला विमलताई तीर्थपुरीला आल्या, मिडल पास मुली विचारत फिरल्या, आणि वडिलांनी सही केली. खाणारं एक तोंड कमी होत होतं, आणि सासरी कोणाला सांगायचं नाही अशी अट त्यांनी घातली होती. दुसऱ्या वर्षाच्या श्रावणात एका दुपारी विमलताई वर्गात मुदतीच्या तापाची लक्षणं सांगत होत्या. तिसरा आठवडा. आतड्यातून रक्तस्राव. शौचाचा रंग काळा, डांबरासारखा. तात्काळ डॉक्टरांना कळवणे. सायरने वहीत लिहिलं. 'तात्काळ' हा शब्द लिहून झाल्यावर टाक कागदातून आरपार गेला आणि खालच्या तीन पानांवर भोक पडलं. लगेच कळलं असतं तर तो वाचला असता असं विमलताई म्हणाल्या नाहीत. शंभरातले काही वाचतात, म्हणाल्या. सायरला ते 'काही' पुरे होते. त्या दुपारपासून ते दुःख राहिलं नाही.

"शिवनारायण," ती पुन्हा म्हणाली. "तुमचं नाव सांगा." सिरिंज हातात होती, सुई वर. खाटेवरचा माणूस भिंतीकडेच पाहत होता. मग तो भिंतीला म्हणाला, "तिला सांगा, दुसरी बाई पाठवायला." अरुंधतीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "का हो, या बाई चांगल्या नाहीत?" दाराशी भगवतीदेवी हलली, पदराआडून काहीतरी पुटपुटली. चतुराबाई बादली खाली ठेवून म्हणाली, "बाईसाब, आता हितं कोण बोलणार? बायको नवऱ्याचं नाव घेत न्हाई, अन् मालक सुनेसंगं बोलत न्हाई. मंग त्या सुईलाच विचारा." खलाशी खो खो हसला आणि टाके ओढले गेल्यामुळे लगेच थांबला.

अरुंधतीबाईंना आता कळलं. त्या सायरकडे वळल्या. "सून का तुम्ही?" "होते." "मग तुम्हाला पेशंट कोण ते माहीत आहे. ओळख पटलेली आहे. पुढे चला." दार उघडं होतं. परीक्षकच सांगत होत्या. सायर म्हणाली, "पेशंटनं स्वतः सांगायचं असतं, बाई. या वॉर्डात माझ्या हातून एकदा चूक झालेली आहे." सगळे शब्द खरे होते. म्हणजे शब्द तेवढे खरे होते. वॉर्डाच्या घड्याळात आठ वाजून चौदा मिनिटं झाली होती. इन्शुलिनला पाच-दहा मिनिटं उशीर झाला तर या माणसाला काही होणार नाही, हे तिला नीट माहीत होतं. वीस मिनिटांनीही नाही. ती उभी राहिली. तिला चामखीळ दिसत होती. तो भुकेला असणार, साखरेचे पेशंट सकाळी भुकेले असतात. पायाच्या जखमेचा गोड, सडका वास येत होता, आणि खिचडीचा, तुपाचा. याला भूक लागू दे. दाराच्या आत बसून राहणं काय असतं ते याला कळू दे. सांगायचं आहे आणि सांगता येत नाही, सगळे पाहतायत आणि आठ हातांवर ते सगळं आहे जे तुला हवंय. किती वेळ उभं राहायचं हे तिने ठरवलेलं नव्हतं. पुढे कित्येकदा तिला त्याचीच भीती वाटली. तो बोलला नसता तर ती किती वेळ उभी राहिली असती, याचं उत्तर तिला कधीच सापडलं नाही.

"त्यांना ऐकू कमी येतं का?" अरुंधतीबाईंनी विचारलं. "बराबर ऐकू येतं," चतुराबाई म्हणाली. "काल राती चहात साखर न्हाई म्हणून केवढं बोलून राह्यले होते."

आठ वाजून एकवीस मिनिटांनी तो वळला. पाय ओढत, कण्हत, आधी खांदा आणि मग तोंड. तो लहान होता. तिला वाटलं होतं त्यापेक्षा चेहरा लहान, दाढी वाढलेली, ओठांच्या कडेला पांढरं सुकलेलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, तिच्या बिल्ल्याकडे पाहिलं. "शिवनारायण," तो म्हणाला. "शिवनारायण बालमुकुंद." सायरने दंड पुसला, कातडी चिमटीत धरली, सुई टोचली. दुखू नये अशीच टोचली, कारण तेवढं तिला येत होतं आणि न येण्याचं सोंग करता येत नव्हतं. मग थर्मामीटर. मग नाडी. त्याचं मनगट तिच्या तीन बोटांखाली होतं आणि नाडी नव्वद होती. मग पाटीवर पुढची ओळ होती, प्रत्येक पेशंटला विचारायची, खलाशालाही विचारली असती तीच. ती तिने वाचली, आणि तिला वाटलं की आपण सकाळपासून या ओळीकडेच चालत होतो.

"शौचाला कसं झालं?" तिने विचारलं.

वॉर्डात कोणाला त्यात काही वाटलं नाही. अरुंधतीबाई घड्याळ पाहत होत्या. शिवनारायणजींनी मात्र प्रथमच मान वर केली आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं. "बराबर," ते म्हणाले.

"बराबर म्हणजे काय? रंग सांगा."

दाराशी भगवतीदेवी खाली बसली. डबा आधी ठेवला आणि मग बसली. शिवनारायणजींचे ओठ हलले आणि थांबले. त्यांना कळलं होतं की नाही हे सायर कधीच सांगू शकली नसती. कळलं असं तिला त्या क्षणी वाटलं, आणि नंतर कित्येक दिवस तिने त्या ओठांचं हलणं पुन्हा पुन्हा आठवून त्यातून ते काढायचा प्रयत्न केला. ते कदाचित फक्त लाजले असतील. परक्या बायांसमोर असलं बोलायचं म्हणून. "पिवळा," ते शेवटी म्हणाले. "काळा नाही?" "नाही." आवाज इतका खाली गेला होता की चतुराबाईने कान पुढे केला. सायरने पाटीवर लिहिलं, पिवळा, आणि पुढे वेळ घातली. मग तिने जखम सोडली, धुतली, मेलेली कातडी काढली, पट्टी बांधली. बांधणं सुरेख झालं. अरुंधतीबाईंनी पट्टीखाली बोट घालून पाहिलं आणि मान हलवली.

"पुष्कळ मुली नावाशीच घाई करतात," जाताना त्या विमलताईंना म्हणाल्या, सायरसमोरच. "ही थांबली. मी पुढे चला म्हटलं तरी थांबली. ओळख पटवणे, दहापैकी दहा." विमलताईंनी सायरकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. त्यांना माहीत होतं. दीड वर्षापूर्वी 'मग?' विचारणाऱ्या बाईला ती सात मिनिटं कशाची होती हे कळलं नसेल असं होणार नव्हतं. निकाल जूनमध्ये लागला. सायर पास झाली, सहाजणींत दुसरी. ऑगस्टात मुंबईहून रजिस्टरचा नंबर आला, आणि तीर्थपुरीच्या कार्डाला उत्तर द्यायचं राहूनच गेलं. पण त्या नंबराकडे पाहताना तिला दर वेळी ती सात मिनिटं आठवत. साडेतीन वर्षांत तिने जे जे नीट केलं, त्याला कोणी दहापैकी दहा दिले नव्हते. ज्या सात मिनिटांत ती नर्स नव्हती, त्यांना दिले. याचाही तिला राग आला.

ते सगळं पुढचं. त्या सकाळी ती वॉर्डाच्या टोकाच्या नळावर हात धूत होती, कोपरापर्यंत साबण, आणि मागून बांगड्यांचा आवाज आला. भगवतीदेवी. सात वर्षांनी इतकी जवळ. पदर आता कपाळापर्यंतच होता. "बिनणी," ती म्हणाली, आणि थांबली, त्या शब्दावर आपला अजून हक्क आहे की नाही हे बघितल्यासारखी. "त्यांचा पाय राहील ना? बोटं काळी पडून राह्यली. डॉक्टर काही सांगत नाही. यांना विचारलं तर म्हणतात बराबर आहे."

सायरने नळ बंद केला. दोन्ही हात वर धरले, शिकवल्याप्रमाणे, पाणी कोपराकडे निथळू दिलं. तिसऱ्या खाटेशी डॉक्टर खलाशाचे टाके पाहत होते. "ते तिथे उभे आहेत," ती म्हणाली. "बोटं काळी पडताहेत, हे तुम्ही पाहिलंय. तुम्ही सांगा."

"मी? मर्दांसमोर..."

"आठ हात आहेत," सायर म्हणाली.

भगवतीदेवी तिथेच उभी राहिली. डॉक्टर खलाशाला पांघरूण घालून चौथ्या खाटेकडे वळले, मग पाचव्या. सायरचे हात निथळत होते. हे सासूनंच सांगायला हवं, आपण जाऊन सांगू नये, हे तिला कळत होतं. आणि आपल्याला सांगावंच लागेल, कारण पट्टी बांधताना ती बोटं आपणही पाहिली आहेत, हेही कळत होतं. सहाव्या खाटेशी डॉक्टर थांबले. तिने सासूकडे पाहिलं. मग हात न पुसताच ती चालू लागली, आणि मागे बांगड्या वाजताहेत का ते ऐकत राहिली.